खंबातची खाडी की खंबातचं आखात?

शहाद्याच्या एका शिक्षिका ताईंनी विचारलंय : ‘तापी कोठे मिळते?’ या प्रश्नाला एका मुलाने ‘खंबातच्या खाडीला’ असं उत्तर लिहिलं. पुस्तकात ‘खंबातचे आखात’ आहे. गुण द्यायचा की कापायचा?

ताई, गुण द्या, पण शब्दाखाली लाल रेघ ओढा. मुलाचा भूगोल पक्का आहे, शब्द तेवढा हिंदीतून आलाय. हिंदीत खाड़ी म्हणजे गल्फही आणि बेही. आपला बंगालचा उपसागर त्यांच्याकडे ‘बंगाल की खाड़ी’ होतो आणि आखाती देश ‘खाड़ी देश’. आपल्याकडे एका हाताला गुजरात, दुसऱ्या हाताला मध्य प्रदेश, त्यात घरोघरी हिंदी बातम्या. खान्देशातल्या पोराने असं लिहिलं तर नवल नाही.

मराठीत खाडी लहान असते. ठाण्याची, वसईची, दाभोळची. भरतीचं पाणी जिथवर आत शिरतं तो चिंचोळा फाटा म्हणजे खाडी, आणि बहुतेक वेळा तिच्यात एखादी नदी उतरलेली असते. आखात म्हणजे जमिनीत घुसलेला खुद्द समुद्रच : कच्छचं, मन्नारचं, इराणचं. शब्दात संस्कृत ‘खन्’ धातू आहे, उत्खननातला. जणू किनारा खणून काढलाय.

पण खरा फरक लांबीरुंदीत नाही, पाण्यात आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात अर्धा ग्रॅमही नसतो. खाडीत हा आकडा ठरलेला नसतोच. भरतीला चढतो, ओहोटीला उतरतो, पावसाळ्यात पूर आला की पार खाली येतो. खारं पाणी जड म्हणून तळाशी सरकतं आणि नदीचं त्याच्यावरून वाहतं, म्हणजे एकाच जागी वर वेगळं पाणी नि खाली वेगळं. हे सोसणं सगळ्या माशांना जमत नाही. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याच्या अंगात पाणी आपोआप शिरत राहतं, ते त्यांना सतत बाहेर टाकावं लागतं. समुद्रातल्या माशाच्या अंगातलं पाणी उलट बाहेर ओढलं जातं, म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून टाकतो. बोयसारखे थोडेच मासे दोन्हीकडे निभावतात.

आता गंमत. मुलताईला उगवून, चांगदेवला पूर्णेला पोटात घेऊन, प्रकाशा गावावरून पुढे गेलेली आपली तापी सुरतेच्या खाली स्वतःच खाडी होते. भरतीचं खारं पाणी वर चढू नये म्हणून सुरतेत नदीवर बंधारा घातलाय. तेव्हा ‘तापी खाडीतून आखाताला मिळते’ असं कुणी लिहिलं, तर मी त्याला एक गुण जास्त देईन.

ताईंनी जाता जाता आणखी एक विचारलंय : खाडीच्या पाण्याला ‘निमखारे’ म्हणायचं की ‘मचूळ’? वर्गात निमखारे. हा ‘निम’ फारसी, अर्धा या अर्थाचा, निमसरकारीतला. कडुनिंबाशी त्याचं नातं नाही (हे मला एका पदवीधराला समजवावं लागलं होतं). गोडे पाणीही साखरेचं नव्हे, जसं गोडे तेल गोड नसतं. तिथे गोडं म्हणजे फक्त खारट-कडू नसलेलं.

मचूळ हा मात्र जिभेचा शब्द. त्याला ग्रॅम-लिटर कळत नाही. घोट घेतला, तोंड वाकडं झालं, की पाणी मचूळ. आमच्या गल्लीतल्या बोअरचं तसंच आहे, तुरीची डाळ त्यात काही केल्या शिजत नाही. पण तेवढ्यावरून त्याला निमखारं म्हणू नका, ते क्षार मोजल्यावरच ठरतं.