'थीम काय आहे?' असं थेट विचारू नका

पहिल्यांदाच कथा शिकवताय ना, मग एक सांगते, 'या कथेची थीम काय' असं डायरेक्ट विचारलंत की वर्ग एकतर गप्प बसतो नाहीतर 'मैत्री', 'प्रामाणिकपणा' असली एका शब्दाची उत्तरं येतात. तो झाला विषय. थीम म्हणजे त्या विषयाबद्दल कथा काय म्हणतेय ते, आणि ते पूर्ण वाक्यातच यायला हवं.

समजा कथेतला मुलगा गेलेल्या वडिलांचं बंद घड्याळ रोज हातात घालतो, शेवटी कोणीतरी ते दुरुस्त करून देतं आणि हा रडायला लागतो. 'आठवण' म्हटलं तर काम अर्धंच झालं. मी विचारते, अरे घड्याळ तर चालू झालं, मग रडला का? थोडं थांबायचं हं, लगेच उत्तर द्यायचं नाही (हे मला फार उशिरा जमलं). मग मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणतं, 'कारण आता बाबा नाहीत हे मान्य करावं लागणार.' बस्स, इथून वाक्य बनवायला घ्या.

नंतर कथेतल्या दोन ओळी पुरावा म्हणून दाखवायला लावा. दोघांच्या थीम वेगळ्या आल्या आणि ओळी दोघांकडेही असल्या तर दोन्ही चालतात.