कॉक्सिडिओसिस झालेल्या कोंबडीच्या रक्तात नेमके काय बदलते?

कोंबड्यांना रक्ती हगवण, म्हणजेच कॉक्सिडिओसिस, झाली की रक्तात कोणते बदल होतात, असा आपला प्रश्न आहे. उत्तर बरेचसे आयमेरिया या परजीवीच्या जातीवर अवलंबून असते. आयमेरिया टेनेला आंधळ्या आतड्याच्या (लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरील पिशवीसारख्या भागाच्या) भिंतीत वाढते आणि संसर्गानंतर साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी पेशी फोडून बाहेर पडताना इतका रक्तस्राव घडवते की खाली अंथरलेल्या तुसावर लाल विष्ठा दिसते, तुरा फिका पडतो आणि रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण झपाट्याने उतरते. आयमेरिया असर्व्हुलिना लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात राहते. ती रक्त फारसे सांडत नाही, पण शोषण बिघडवते, त्यामुळे पिवळ्या मक्यातील कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्ये रक्तात पुरेशी पोहोचत नाहीत आणि पायांचा पिवळेपणा ओसरतो. माझ्या मते हा बदल सर्वांत बोलका आहे. सुजलेल्या आतड्यातून प्रथिने झिरपत असल्याने रक्तद्रवातील अल्ब्युमिन हे प्रथिनही घटते, आणि पक्षी खाणे सोडतो तेव्हा यकृतातील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपत जातो. केवळ रक्ततपासणीवरून निदान मात्र करू नये, कारण यांतील काही बदल निव्वळ उपासमारीतही दिसतात. विष्ठेतील ऊसिस्ट, म्हणजे परजीवीची अंड्यासारखी कवचधारी रूपे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे किंवा मेलेल्या पक्ष्याचे आतडे उघडून तपासणे आवश्यक असते.