काळा ठिपका म्हणजे जिवंत पेशी नव्हे

छत्रपती संभाजीनगर

प्रिय विद्यार्थ्यास अनेक आशीर्वाद,

उंदरांच्या मूत्रपिंडावर रोपलेल्या, लोहकणांनी लेबल केलेल्या आयलेटची, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीपुंजक्यांची, तुझी एमआरआय चित्रं पाहिली. आयलेट काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. ठिपके सुरेख आलेत म्हणून लगेच लेख लिहायला बसू नकोस. ठिपका लोहाचा आहे, पेशीचा नाही. आयलेट मेलं तरी लोह तिथंच राहतं, भक्षकपेशी ते गिळतात आणि आठवडेच्या आठवडे काळं दिसत राहतं.

लेबलिंगची रात्रच घे. लोहकणांसोबत आयलेट ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये राहतात. उन्हाळ्यात आपल्याकडं वीज गेली, इन्क्युबेटर बॅकअपवर नसला, तर सकाळी बरेच मेलेले असतील. तरी स्कॅन फक्कडच येईल! म्हणून रोपणाआधी फ्लुरेसीन डायॲसिटेट आणि प्रोपिडियम आयोडाइडनं रंगव: जिवंत हिरवे, मेलेले लाल.

तुलनेसाठी दोन गट हवेतच. एकात लेबल केलेले आयलेट तीनदा गोठवून-वितळवून मार आणि तेवढेच मूत्रपिंडाच्या आवरणाखाली ठेव. दुसऱ्यात नुसती शस्त्रक्रिया कर, कारण साकळलेलं रक्तही ग्रेडियंट-एको या एमआरआय पद्धतीत काळंच दिसतं. हे दोन गट नसतील तर तुझ्या ठिपक्यांवर मी विश्वास ठेवणार नाही.

खरा पुरावा साखरेचा. स्ट्रेप्टोझोटोसिन या बीटा पेशी मारून मधुमेह आणणाऱ्या औषधानंतर लागोपाठ दोनदा ३०० मिग्रॅ/डेसीलिटरच्या वर रक्तातली साखर आलेलेच उंदीर घे. रोपणानंतर साखर उतरली की स्कॅन कर, मग रोपण असलेलं मूत्रपिंड काढ. साखर पुन्हा चढली तर रोपण काम करत होतं. चढली नाही, तर उंदराचं स्वतःचं स्वादुपिंडच सावरलंय आणि श्रेय तू ठिपक्यांना देत होतास. काढलेल्या मूत्रपिंडाच्या लगतच्या कापांवर लोहासाठी पर्ल्सचा निळा रंग आणि शेजारी इन्सुलिनचा रंग दे. निळा रंग इन्सुलिनपासून दूर, भक्षकपेशींत दिसला तर तो ठिपका मोजू नकोस.

किरणोत्सारी गॅलियम-६८ जोडलेल्या एक्झेंडिन या रेणूचं पेट स्कॅन करू का, विचारतोस. ते इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीवरच्या जीएलपी-१ या संप्रेरकाच्या ग्राहीला चिकटतं, म्हणून पेशीच्या जास्त जवळचं. पण मूत्रपिंडात ते इतकं साठतं की आवरणाखालचं रोपण त्या झगमगाटात बुडून जाईल. पेटसाठी आयलेट स्नायूत ठेव. गॅलियम-६८ चं अर्धायुष्य ६८ मिनिटं, तेव्हा मुंबईहून मागवायचा विचारही नको. गॅलियम तयार करणारा जनरेटर स्कॅनरजवळच लागतो.

मी फार ताणतो असं तुला वाटेल. पण माणसात आयलेट प्रवेशिका शिरेतून (पोर्टल व्हेन) यकृतात सोडतात आणि पहिल्या काही दिवसांतच त्यांतले बरेच मरतात. किती उरले, हेच डॉक्टरला कळायला हवं. मेलेल्यांना जिवंत दाखवणारं चित्र त्याच्या हाती देऊन कसं चालेल? ठिपका लोहाचा आहे, पेशीचा नाही, हे मी शंभरदा सांगेन.

आधी मेलेल्या आयलेटचं स्कॅन कर आणि तेच मला पाठव.