एकच मेल एकाला मिळतो, दुसऱ्याच्या स्पॅममध्ये पडतो, तिसरीकडून परत येतो: पाठवणाऱ्याचा पत्ता बिघडलेला असेल तर फिल्टर नेमकं काय करतो?

तुमचा प्रश्न असा: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या तुमच्या फाउंड्रीच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून इन्व्हॉइस जातात. पुण्याच्या एका ग्राहकाला त्या व्यवस्थित मिळतात, दुसऱ्याकडे स्पॅममध्ये पडतात, आणि तिसऱ्याचा सर्व्हर ‘सेंडरचा पत्ता चुकीचा’ म्हणून दारातूनच परत पाठवतो. फर्मच्या नावात स्वल्पविराम आहे, असंही तुम्ही लिहिलंय. सॉफ्टवेअर तेच, पत्ता तोच, मग तिघांचा न्याय वेगळा का?

उद्यमनगर आणि गोकुळ शिरगावातल्या काही कारखान्यांचे मेल सर्व्हर मी सांभाळतो, त्यामुळे हे दुखणं माझ्या रोजच्या ओळखीचं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एका मेलला पाठवणारे दोन असतात. तुम्ही कास्टिंगची पेटी ट्रान्सपोर्टला देता तेव्हा बिल्टीवर एक नाव असतं आणि पेटीतल्या इन्व्हॉइसवर एक. ट्रान्सपोर्टवाला फक्त बिल्टी बघतो, आणि माल परत आला तर बिल्टीवरच्या नावाने येतो. मेलमध्ये बिल्टीवरच्या पत्त्याला एन्व्हलप सेंडर म्हणतात. सर्व्हर सर्व्हरला भेटला की ‘मेल फ्रॉम’ म्हणून तो आधी सांगतो. आतल्या पत्त्याला फ्रॉम हेडर म्हणतात, आणि ग्राहकाला स्क्रीनवर दिसतो तो हाच. हे दोन्ही पत्ते वेगळे असू शकतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या पद्धतीने बिघडू शकतात.

बिल्टीचा पत्ता दारातच तपासला जातो, मेलचा मजकूर आत येण्याआधी. पहिली तपासणी निव्वळ आकाराची. पोस्टफिक्ससारख्या (हा मेल पोचवणारा प्रोग्रॅम) सर्व्हरला पत्ता वाचताच आला नाही तर तो ‘५०१ ५.१.७ बॅड सेंडर अॅड्रेस सिंटॅक्स’ म्हणतो आणि विषय संपतो. पत्ता वाचता आला, पण @ नंतर पूर्ण डोमेन नाही, नुसतं ‘सर्व्हर’ किंवा ‘अकाउंट्स-पीसी’ असं कॉम्प्युटरचं नाव आहे, तर ५०४. आकार बरोबर आहे पण ते डोमेन डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नावांच्या डिरेक्टरीत, कुठेच सापडत नाही, तर ४५० ४.१.८. शेवटच्या दोन तपासण्या सर्व्हर चालवणारा मुद्दाम लावतो, आणि सगळे लावत नाहीत. तुमचे तीन निकाल इथूनच फुटायला लागतात.

यातला ४५० सगळ्यात छळतो. पाचने सुरू होणारा आकडा म्हणजे साफ नकार, चारने सुरू होणारा म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर ये’. मग तुमचा सर्व्हर तो मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, पोस्टफिक्समध्ये ठरलेल्या सेटिंगप्रमाणे पाच दिवस. पाच दिवसांनी ‘गेला नाही’ असा निरोप तयार होतो, तो कुठे पाठवायचा? बिल्टीवरच्या पत्त्यावर. तोच पत्ता तर अस्तित्वात नाही! इन्व्हॉइस गेली नाही, आणि गेली नाही हेही कुणाला कळलं नाही. महिनाअखेरीला वसुलीचा फोन लावल्यावर समोरचा म्हणतो, ‘बिलच आलं नाही ओ.’ दारावरचा पहारेकरी या पत्त्याबद्दल इतका कडक असतो त्याचं कारण हेच: ज्याला निरोप परत देता येत नाही त्याचा माल घेऊन तो फसतो.

जाता जाता: रिकामा पत्ता, म्हणजे नुसते <>, हा बिघडलेला पत्ता नव्हे. परत येणारे निरोप मुद्दाम असेच पाठवले जातात, म्हणजे निरोपाला निरोप असं चक्र लागत नाही. काही उत्साही मंडळी ‘रिकामा सेंडर म्हणजे स्पॅम’ म्हणून तो बंद करतात आणि मग आपलेच निरोप आपल्याला मिळत नाहीत.

मग सगळेच कडक का नाहीत? इंटरनेटची जडणघडणच सैल हाताने झाली आहे. पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार राहा, असं इंटरनेटचे सुरुवातीचे नियम लिहिणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी १९८० साली लिहून ठेवलं आणि मेलच्या जगाने ते मनावर घेतलं. नियमाप्रमाणे एन्व्हलपचा पत्ता < > मध्ये हवा, तरी पोस्टफिक्स जसा येतो तसा ठेवला तर कंसाशिवायचा पत्ताही चालवून घेतो. @ च्या आधी सलग दोन टिंबं नियमात बसत नाहीत, पण जपानच्या मोबाइल कंपन्यांनी एकेकाळी ग्राहकांना असे पत्ते देऊन टाकले होते. खऱ्या माणसाचा मेल अडवायचा की नियम मोडायचा, असा प्रश्न आला की बहुतेक जण नियम मोडतात.

आता आतला पत्ता. तुमची गडबड इथे असावी असा माझा अंदाज आहे, कारण प्रश्नात तुम्ही फर्मच्या नावात स्वल्पविराम असल्याचं म्हटलं आहे. बिलिंग सॉफ्टवेअर बहुधा अशी ओळ तयार करतं (खऱ्या मेलमध्ये अक्षरं अर्थात रोमन):

फ्रॉम: अमुक, तमुक अँड कंपनी <अकाउंट्स@तुमचंडोमेन>

तुम्हाला हे एक नाव वाटतं. मेलच्या व्याकरणात मात्र स्वल्पविराम दोन पत्ते वेगळे करतो. म्हणजे फिल्टर वाचतो: पहिला पाठवणारा ‘अमुक’, ज्याला @ नाही, डोमेन नाही. दुसरा ‘तमुक अँड कंपनी’, त्याचा पत्ता नीट. सॉफ्टवेअर आणि पोस्टफिक्स एकाच मशीनवर असतील तर गंमत आणखी वाढते. पोस्टफिक्स मदत करायला जातो आणि अनाथ ‘अमुक’च्या मागे @ लावून स्वतःच्या सर्व्हरचं नाव चिकटवतो. ग्राहकाकडे पोचेपर्यंत पाठवणारे खरोखरच दोन झालेले असतात. फर्मचं नाव दुहेरी अवतरणचिन्हांत टाकलं, "अमुक, तमुक अँड कंपनी" असं, की सगळं मिटतं. ‘डॉ.’ आणि ‘मे.’ मधलं टिंबही कडक व्याकरणात अवतरणाशिवाय बसत नाही, पण ते बहुतेक फिल्टर पोटात घालतात. नावाच्या जागी ईमेल पत्ताच टाकला असेल तर त्यातला @ मात्र खपत नाही.

हा आतला बिघाड आला की फिल्टर तीनपैकी एक वाट धरतो. काही सरळ परत पाठवतात. जीमेल त्यांतला. फ्रॉममध्ये धड पत्ता नसेल तर ५५० देऊन मोकळा होतो, आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेल्या गुगलच्या नियमांत मेलचा साचा आरएफसी ५३२२ (मेल कसा लिहायचा याचं नियमपत्र) प्रमाणे असावा असं सगळ्याच पाठवणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे. काही गुण लावतात. स्पॅमअसॅसिन हा फिल्टर प्रत्येक खोडीला थोडे गुण देतो आणि मुळात ठरवलेल्या ५ वर बेरीज गेली की मेल स्पॅम. बिघडलेलं फ्रॉम एकटं तिथवर नेईलच असं नाही. पण त्यात आणखी दोन-चार खोड्या आल्या की काटा सरकतो. तुमचा स्पॅमवाला ग्राहक यातला दिसतो. आणि काही जण गुपचूप दुरुस्त करून आत घेतात.

ही तिसरी वाट मला सगळ्यात धोकादायक वाटते. डीमार्क ही पाठवणारा खरा की तोतया हे बघणारी तपासणी फ्रॉममधल्या डोमेनवर उभी आहे. त्या डोमेनच्या मालकाने काय सांगून ठेवलंय ते डीएनएसला विचारायचं. पत्ते दोन निघाले किंवा डोमेनच सापडलं नाही, तर विचारायचं कुणाला? फिल्टरने पहिला पत्ता तपासला आणि ग्राहकाच्या स्क्रीनने दुसरा दाखवला, तर चोराला दार उघडंच. २०२० साली यूझनिक्स सिक्युरिटी परिषदेत तीन संशोधकांनी असे १८ प्रकारचे हल्ले मांडले. १० मेल सेवा आणि १९ मेल प्रोग्रॅम तपासले, तर प्रत्येकावर त्यातलं काही ना काही चाललं. ‘आमचं बँक खातं बदललंय, यापुढे इथे पैसे भरा’ हा मेल असाही येऊ शकतो. त्यामुळे दारातून परत पाठवणारा तुमचा तिसरा ग्राहक त्रासदायक वाटला, तरी माझं मत त्याच्याच बाजूने आहे. निदान कारण तरी सांगतोय.

फर्मचं नाव मराठीत द्यायचं असेल तर खुशाल द्या. फक्त सॉफ्टवेअरने ते हेडरमध्ये सांकेतिक रूपात भरलं पाहिजे, देवनागरी तशीच कोंबली तर जुने फिल्टर बिघाड धरतात. पत्ताच देवनागरीत असणं हा वेगळा विषय: त्याचा नियम २०१२ पासून आहे, पोस्टफिक्सला ते २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून जमतं, पण समोरच्या सर्व्हरलाही जमावं लागतं. आणि एक छुपा चोर: व्हॉट्सअॅपवरून कॉपी केलेल्या पत्त्यात कधी शून्य रुंदीचं अक्षर येतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही, फिल्टरला दिसतं. पत्ता पूर्ण पुसून हाताने टाइप करा.

ग्राहकाच्या आयटीवाल्याला ‘आम्हाला व्हाइटलिस्ट करा’, म्हणजे न तपासता आत घ्यायच्या यादीत टाका, असं म्हणू नका. त्या यादीला स्वच्छ पत्ता लागतो, तुमचा वाचताच येत नसेल तर तो यादीत असून जुळणार नाही. त्याऐवजी एक इन्व्हॉइस आपल्याच जीमेलवर पाठवा, तीन टिंबांच्या मेनूतून ‘शो ओरिजिनल’ उघडा आणि दोनच ओळी बघा, रिटर्न-पाथ (हाच बिल्टीवरचा पत्ता) आणि फ्रॉम. जीमेलनेच परत पाठवला तर सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, कारण सापडेल. रिटर्न-पाथमध्ये कॉम्प्युटरचं नाव किंवा ‘.लोकल’ दिसलं तर दोष तुमच्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये आहे, तिथे खरं डोमेन भरा. फ्रॉममध्ये दोन पत्ते दिसले तर सेटिंगमधल्या नावाला अवतरणचिन्हं लावून बघा. सॉफ्टवेअरने ती खाल्ली तर स्वल्पविराम काढून टाका, आणि सॉफ्टवेअरवाला ‘आमच्याकडून बरोबर जातंय’ म्हणाला तर ती फ्रॉमची ओळ जशीच्या तशी त्याला पाठवा.