पाचवं वचन

मिरज,
मे महिन्याचा दुसरा आठवडा

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र चार दिवस माझ्या उशीखाली होतं. हल्ली कुणी कागदावर लिहीत नाही. तू लिहिलंस, तेव्हाच कळलं की प्रकरण साधं नाही. तीन पानांत तू ‘मग’ हा शब्द किती वेळा लिहिलास, ठाऊक आहे? मी पेन्सिलीनं खुणा केल्या, चौदा भरल्या. निकाल लागला की मग घरी जाईन. पोस्टिंग मिळालं की मग लग्नाचं बघू. चर्चची मंडळी सुधारली की मग कॉयरमध्ये येईन. आणि शेवटी, अर्ध्या चेष्टेत नि अर्ध्या रागात, प्रभू आला की मग सगळंच सुटेल.

परीक्षेच्या अभ्यासाचं, अभ्यासिकेतल्या त्या टेबलाशी, तुझं हे चौथं वर्ष. समोर बायबलातलं यिर्मया संदेष्ट्याचं वचन, २९:११, चिकटवलंय आणि त्याच्यावरच जगतोय, असं लिहितोस. ते वचन आपल्या लोकांच्या निम्म्या घरांत भिंतीवर आहे, माझ्याही आहे. वाढदिवसाच्या केकवर मलईनं लिहिलेलंसुद्धा मी पाहिलंय. तुमच्याविषयी माझ्या मनात जे आहे ते हिताचं आहे, तुम्हाला भविष्य नि आशा देण्याचं आहे, असं देव तिथं सांगतो. खरंच आहे ते. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे रे, आणि कुणाचं पत्र आपण अकराव्या ओळीपासून वाचायला घेत नाही.

आधी काय झालं होतं ते आठव. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये नबुखद्नेस्सरानं यरुशलेमेतून राजा, सरदार, सुतार, लोहार अशी कामाची माणसं उचलून बाबेलला नेली. त्यांनी गाठोडी सोडलीच नसणार. का सोडावीत? मागे देवळात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगत होता, दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन समोर उभा होता. तो पहिल्यांदा काय म्हणाला? ‘आमेन, परमेश्वर तसंच करो.’ ही जागा मला फार आवडते. परत यावं असं त्यालाही वाटत होतं. हनन्यानं त्याचं जू मोडून टाकलं, तेव्हा तो वाद न घालता आपल्या वाटेनं निघून गेला.

मग त्यानं बाबेलच्या लोकांना पत्र लिहिलं आणि राजाच्या दूतांबरोबर धाडलं. म्हणजे सरकारी टपालानंच म्हण. त्यातलं पाचवं वचन: घरं बांधा, राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. सहाव्यात पोराबाळांची लग्नं करा. सातव्यात तर, ज्या शहरात तुम्हाला धरून नेलं त्याचंच भलं पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. दहाव्यात येतो आकडा. दोन नाही, सत्तर वर्षं. आणि त्यानंतर तुझं अकरावं. पत्र पोचल्यावर तिथल्या एकानं उलट यरुशलेमेला तक्रार लिहिली की या वेड्याला अजून खोड्यात का घातलं नाही. चांगल्या सल्ल्याची पोच तेव्हाही अशीच यायची.

आता हिशेब कर. ज्याच्या हाती ते पत्र पडलं तो तिशीचा असला तरी परतीचा रस्ता बघायला तो उरणार नव्हता. अकरावं वचन मिळालं त्याला, पण त्याचा पत्ता पाचव्या वचनातला होता. तुझा मात्र मला कुठलाच पत्ता दिसत नाही. तू ना घरात आहेस, ना बाबेलात. तू स्टँडवर आहेस.

मी पाच वर्षं अशीच स्टँडवर होते, म्हणून ओळखते. नर्सिंग झाल्यावर माझी नेमणूक जतच्या बाजूला एका छोट्या दवाखान्यात झाली. आई साताऱ्याकडे, एकटी. मी पहिल्याच महिन्यात बदलीचा अर्ज दिला आणि ठरवून टाकलं की वर्षाच्या आत जायचंय. क्वार्टरमध्ये पडदे लावले नाहीत. ट्रंक पलंगाखाली, लागेल तेवढंच बाहेर. बायका हळदीकुंकवाला, बारशाला बोलवायच्या, मी म्हणायचे, कशाला ओळखी वाढवा, जायचंच आहे. पाचव्या वर्षी बाळंतपणाला आलेल्या एका बाईच्या सासूनं खोलीत डोकावून विचारलं, ‘सिस्टर, तुम्ही अजून पाव्हण्याच का?’ तिच्या मनात काही नव्हतं. मला मात्र रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी तिनंच शेवग्याची फांदी आणून दिली, मी नळाच्या सांडपाण्याशेजारी खोचली. दुष्काळी माती, पण शेवगा तो, वर्षभरात शेंगा लागल्या. मी पडदे शिवले. रविवारी दोन कुटुंबं माझ्याकडे शास्त्रपाठाला बसू लागली. बदली आली त्यानंतर चार वर्षांनी, आणि ती आली तेव्हा आई नव्हती. हे मी गोड करून सांगणार नाही. शेवग्यानं आईची भरपाई झाली नाही. पण पहिल्या पाच वर्षांतलं मला आज काहीही आठवत नाही, एक चेहरा नाही, आणि नंतरच्या चार वर्षांतली लेकरंसुद्धा नावानिशी आठवतात. तीच नोकरी होती आणि तीच खोली.

तू म्हणशील, बाई मला परीक्षा सोडायला सांगतायत. अजिबात नाही. त्याच यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय काढ. यरुशलेमेला वेढा पडलाय, स्वतः तो चौकीच्या आवारात कैदेत आहे, आणि तिथं बसून तो चुलतभावाकडून अनाथोथचं शेत विकत घेतो. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, मोहर केलेला आणि उघडा असे दोन्ही कागद मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, बरेच दिवस टिकावेत म्हणून. शत्रू दारात आणि हा सातबारा सांभाळतोय! बाबेलात बागा लावा म्हणणारा माणूस तोच. त्याला दोन्ही कळत होतं. तेव्हा फॉर्म भर, अभ्यास कर, पण तो कागद मडक्यात ठेव. तू स्वतः मडक्यात बसू नकोस.

आपल्या घरांना हे वाट बघणं नवीन नाही. अनुसूचित जातींची यादी ठरवणारा राष्ट्रपतींचा आदेश १९५० चा. त्यात शीख १९५६ मध्ये आले, बौद्ध १९९० मध्ये, आणि दलितांतून आलेले ख्रिस्ती अजून दाराबाहेर आहेत. सर्वोच्च न्यायालयात अर्ज २००४ पासून, आणि २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. सत्तर वर्षं म्हणशील तर ती २०२० मध्येच भरली. तुझ्या आजोबांनी त्या निवेदनांवर सह्या केल्या, त्यांच्यानंतर तुझ्या वडिलांनी. पण आजोबा सही करून घरी जाऊन बसले नाहीत. संध्याकाळी कंदील लावून वस्तीतल्या पोरांची उजळणी घ्यायचे. तुझ्या वडिलांचं इंग्रजी त्या कंदिलाचं आहे, आणि थोडं तुझंही.

मंडळीबद्दल तू लिहिलंयस ते बरंचसं खरं आहे. कमिटीच्या भांडणात उपासना आटोपती घेतात, तरुणांना फक्त खुर्च्या मांडायला बोलावतात. मी काही पाळकांची वकील नाही. पण ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांकडे बघ. मंडळीनं देशी पेहराव, देशी मन घ्यावं म्हणून त्यांनी किती वर्षं झटावं? १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठीही. वय पंचावन्नच्या पुढं. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये ते गेले. दरबार काही फार वाढला नाही. तरी त्यांनी कमिटीच्या ठरावाची वाट पाहिली नाही, एवढंच मला तुला दाखवायचं होतं.

आणि प्रभूच्या येण्याविषयी. परवाच स्वर्गारोहणाचा दिवस येतोय, म्हणून प्रभू वर स्वर्गात गेला तो उतारा मुद्दाम वाचला. शिष्य आकाशाकडे बघत उभे, आणि दोन पुरुष विचारतात, असे वर बघत का उभे राहिलात? मग ते माडीवर येतात, प्रार्थना करतात, आणि यहूदाची रिकामी जागा भरायला चिठ्ठ्या टाकून मत्थियाला निवडतात. पवित्र आत्मा अजून आलेला नाही आणि यांनी पदभरती उरकली! तुझी परीक्षा घेणाऱ्या आयोगापेक्षा वेग बरा म्हणायचा.

तुला हे जमत नाही असं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली, तेव्हा कुणीतरी माईकवरून शेवटचा काळ आला म्हणून ओरडत होतं. तू तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. शाळेच्या छावणीत खिचडी ढवळत होतास, म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्यांची यादी करत होतास आणि माझ्यावरच डाफरत होतास की बाई, या कार्डावर तारीख घाला. त्या आठ दिवसांत तुझ्या तोंडून ‘मग’ ऐकल्याचं मला आठवत नाही.

त्याच्याही आधीचं सांगते. योहानाचा पंधरावा अध्याय, द्राक्षवेलाचा, शिकवताना मी संडे स्कूलमध्ये म्हटलं होतं की वाळके फाटे छाटतात. तू दुसरीत की तिसरीत, हात वर करून म्हणालास, ‘बाई, मामा चांगले पण छाटतो.’ आणि तासगावच्या त्या बागेचं सगळं पुराण सांगितलंस. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, आणि एप्रिलला वेल पार बोडका होतो ते. पुढे तुझ्या मामांनीच मला समजावलं की जानेवारीत दिसणारा घड ऑक्टोबरात ठरत नाही. तो ठरतो आत्ता, या उन्हात, नव्या काडीच्या डोळ्यात, जिथं बाहेरून काहीच दिसत नाही. या दिवसांत पाणी, खत, ऊन कुठं चुकलं तर ऑक्टोबरात फूट चांगली निघते, पण घड जिरतो, त्याची नुसती तंतूसारखी बाळी होते. शेतकरी मे महिन्यात घड मोजत नाही. पण घरी झोपूनही राहत नाही. जास्तीची फूट काढतो, शेंडे मारतो, काडी तयार करतो.

तेव्हा आता तुझे शेंडे मारते, राग मानू नकोस. अजून किती वेळा परीक्षेला बसायचं तो आकडा आजच ठरव आणि वडिलांना सांग, मला नको. सकाळचे दोन तास कुठंतरी पगाराचं काम धर, क्लास घे, हिशेब लिही, काहीही. हातात स्वतःचे चार पैसे आले की अभ्यास बिघडत नाही, सुधारतो, हे मी डझनभर पोरांत पाहिलंय. त्या मुलीला ‘निकालानंतर’ म्हणून टांगून ठेवू नकोस. हो किंवा नाही, काय ते सरळ बोल. घरी महिन्यातून एक रविवार जा, पुस्तकाशिवाय. खोलीत एखादी कुंडी ठेव म्हटलं असतं, पण तू पाणी घालणार नाहीस हे मला माहीत आहे.

पेंटेकॉस्टच्या गाण्यांची तालीम शनिवारी सहाला आहे. टेनरला सध्या दोनच आवाज आहेत, त्यातला एक कायम सर्दीचा. साडेपाचलाच ये, चहा घेऊन जाऊ. येताना सांगलीहून भडंग आण, कमी तिखट. माझे दात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.

तुझी,
बाई