वाचकांचे प्रश्न : कॅनडासाठी पदवीचं मूल्यांकन, एजंटच्या आधी विद्यापीठ गाठा

प्रश्न : मी नाशिकची. २०१२ मध्ये बी.कॉम. आणि २०१५ मध्ये एम.कॉम. झाले, दोन्ही पुणे विद्यापीठातून. मिस्टर पॉलिटेक्निक डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेले आणि मेकॅनिकल इंजिनिअर झाले. एक्स्प्रेस एंट्रीतून, म्हणजे गुणांवर निवड करणाऱ्या योजनेतून, कॅनडात कायम राहण्यासाठी अर्ज करायचा आहे. एजंट म्हणतो, सगळ्या सर्टिफिकेटांवर आधी अपॉस्टिल (परदेशासाठीचा सरकारी खरेपणाचा शिक्का) करून घ्या, मग ईसीए, म्हणजे पदवीचं मूल्यांकन, आम्ही करून देतो. त्याचे पैसे ऐकून छाती दडपली. माझ्या मार्कशीटवर माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. मिस्टर म्हणतात, मुख्य अर्जदार मी आहे, तुझ्या पदव्यांवर खर्च कशाला? काय करावं?

उत्तर : ‘ईसीए करून देतो’ असं कुणी म्हटलं की मला काळजी वाटते. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात ट्रान्स्क्रिप्टच्या, म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कांच्या दाखल्याच्या, खिडकीमागे माझी सारी नोकरी झाली. कॅनडाच्या कागदांसाठी मुलांनी मोजलेले पैसे ऐकून जीव हळहळायचा, कारण त्यातलं बहुतेक काम शेवटी आमच्याच खिडकीवर व्हायचं.

ईसीए म्हणजे तुमची इथली पदवी कॅनडातल्या कोणत्या पदवीच्या तोडीची आहे, हे सांगणारा अहवाल. कॅनडा सरकारने त्यासाठी संस्था नेमल्या आहेत. आपल्याकडे त्यातली डब्ल्यूईएस (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) सगळ्यांना माहीत असते. टोरोंटो विद्यापीठाची सीईएस आहे, आयकॅस आहे. अर्ज ऑनलाइन, तुमच्या स्वतःच्या नावाने, फी थेट त्यांना. मार्कांचा दाखला मात्र तुमच्या हातून चालत नाही, तो विद्यापीठाकडूनच त्यांच्याकडे जावा लागतो. लिफाफा असेल तर बंद, चिकटवलेल्या कडेवर अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. तो वाटेत उघडला की त्याची किंमत शून्य. आता ऑनलाइन पाठवण्याचीही सोय होऊ लागली आहे. या दोन टोकांच्या मधे एजंटला करण्यासारखं काही उरतच नाही. कॉलेजचा शिक्का पुरत नाही, विद्यापीठाचाच लागतो. स्वायत्त कॉलेज असेल तर आधी विचारून घ्या.

अपॉस्टिलचं म्हणाल तर ईसीएला ते लागत नाही. इथे कागदाचा खरेपणा विद्यापीठाने तो थेट पाठवण्यात आहे. दुसऱ्या कशासाठी अपॉस्टिल मागितलं तर तेव्हा करा.

तरी सल्लागार हवाच असेल तर त्याला नोंदणी क्रमांक विचारा. कॅनडाच्या इमिग्रेशनबद्दल पैसे घेऊन सल्ला द्यायला तिथल्या सल्लागारांच्या ‘कॉलेज’ची, म्हणजे त्यांच्या नियामक संस्थेची, नोंदणी लागते, किंवा माणूस तिथला वकील असावा लागतो. यादी सर्वांना पाहता येते. एक्स्प्रेस एंट्रीच्या प्रोफाइलचा पासवर्ड मात्र कुणालाही देऊ नका. अर्जात खोटं काही सापडलं तर पाच वर्षांची बंदी अर्जदारावर येते, भरून देणाऱ्यावर नाही.

आता नाव. आमच्याकडे सर्वात जास्त अर्ज यातच अडकायचे. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा, वर लग्नानंतरचं नाव. तुम्ही खातं पासपोर्टच्या नावानेच उघडा आणि आधीच्या नावाच्या रकान्यात माहेरचं नाव मार्कशीटवर आहे तसं, अक्षरन् अक्षर लिहा. सोबत विवाह नोंदणीचा दाखला द्या. बऱ्याच दाखल्यांवर वधूचं लग्नाआधीचं नावच असतं, नंतरचं कुठेच दिसत नाही. तुमचाही तसा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या. दोन्ही नावं एकाच कागदावर येतात आणि पुढे बँकेतही उपयोग होतो. दुसरी एक गोष्ट तुम्हाला घाबरवेल म्हणून आधीच सांगते. २०१४ मध्ये विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, त्यामुळे तुमच्या दोन पदव्यांवर दोन नावं असतील. संस्था एकच आहे, त्याची चिंता नको.

मिस्टरांनी इंजिनिअरिंगबरोबर डिप्लोमाचीही कागदपत्रं पाठवावीत. थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये पहिलं वर्ष नसतं, तपासणाऱ्याला ते कुठे गेलं असा प्रश्न पडतो. डिप्लोमा तंत्रशिक्षण मंडळाचा असल्याने तो दाखला मंडळाकडूनच मागवावा लागेल.

आणि आता तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाकडे येते. त्यांना हे आकडे दाखवा. जोडीदारासह अर्ज केला तर मुख्य अर्जदाराला एका तीन वर्षांच्या पदवीचे ११२ गुण, दोन किंवा अधिक शिक्षणक्रमांचे ११९, मास्टर्सचे १२६. इंग्रजी चारही कौशल्यांत सीएलबी ९ (सीएलबी म्हणजे भाषेची पातळी मोजण्याची कॅनडाची पट्टी) असेल तर त्यावर आणखी गुण मिळतात : एका पदवीला २५, दोन शिक्षणक्रमांना किंवा मास्टर्सला ५०. म्हणजे इंग्रजी तेवढं असेल तर केवळ बी.कॉम. दाखवणं आणि एम.कॉम.सुद्धा तपासून घेणं यात, एम.कॉम. नुसता दुसरा शिक्षणक्रम धरला गेला तरी, कमीत कमी ३२ गुणांचा फरक पडू शकतो, आणि इथे एकेका गुणावर अर्जाचं निमंत्रण अडतं. तुम्ही जोडीदार म्हणून गेलात तरी तुमच्या शिक्षणाचे १० पर्यंत गुण आहेत, पण अहवाल नसेल तर एकही नाही. माझं मत विचाराल तर दोघांनी दोन्ही बाजूंनी हिशेब मांडा, एकदा ते मुख्य आणि एकदा तुम्ही. कोणत्या कामाचा किती अनुभव आहे, कुणाचं इंग्रजी पक्कं आहे, यावर ठरेल. नवरा मुख्य असावा असा कुठलाही नियम नाही. मुख्य अर्जदार कोण, हे गुणांवरून ठरवा.

ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज मात्र आजच टाका. ईसीए पाच वर्षं चालते, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं. आधी परीक्षा दिली आणि कागद रखडले तर निकाल शिळा व्हायचा.

प्रश्न : मी कोल्हापूरची, बी.फार्म., दवाखान्याच्या औषध दुकानात काम करते. कॅनडाच्या ईसीएसाठी मैत्रिणीने डब्ल्यूईएसचं सुचवलं आहे. चालेल का?

उत्तर : थांबा. फार्मासिस्ट हाच तुमचा मुख्य व्यवसाय दाखवणार असाल तर डब्ल्यूईएसचा अहवाल चालणार नाही, फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडाचाच लागेल. डॉक्टरांसाठी तसंच मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडा आहे. आणि एक लक्षात ठेवा, हा अहवाल म्हणजे परवाना नव्हे. औषधं द्यायला प्रांताच्या नियामकाकडे नोंदणी करावी लागेल, त्याआधी बोर्डाच्या परीक्षा द्याव्या लागतील. त्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा हिशेबात धरूनच निर्णय घ्या.