दुष्काळ सोलापुरातही पडतो, मग उपासमारीने माणसं सोमालियातच का मरतात?

पाऊस सांगोला-मंगळवेढ्यालाही दगा देतो. फरक पडतो तो मस्टरपाशी, म्हणजे दुष्काळी कामावरच्या हजेरीपत्रकापाशी.

१९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध अशी कामं निघाली. मे १९७३ मध्ये राज्यभरात त्यांवर सुमारे ५० लाख मजूर होते. मागे तलाठी, हजेरीपत्रक, मोजमाप घेणारा माणूस आणि पैसे देणारी ट्रेझरी होती. मजुरी रखडायची, खाडे लावले जायचे, सगळं खरं; पण भांडायला तहसील कचेरी होती आणि सभागृहात ओरडणारे आमदार होते. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा आला.

सोमालियात १९९१ ला केंद्र सरकारच कोसळलं. २०११ च्या दुष्काळाचा इशारा काही महिने आधी मिळाला होता, पण दक्षिणेचा बराचसा भाग अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेच्या ताब्यात होता आणि अनेक मदत संस्थांना तिथे बंदी होती. सुमारे २.६ लाख माणसं गेली, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुलं.

धान्याचे ट्रक अडवले, लुटले जातात, म्हणून तिथे हवालामार्फत, म्हणजे पैसे पोचवणाऱ्या खासगी व्यापाऱ्यांच्या जाळ्यातून, रोख रक्कम वाटली गेली. बाजारात माल असेल तरच हे चालतं. धान्य महागलं की ठरलेली रक्कम तोकडी पडते, म्हणून ती भावाप्रमाणे वाढवावी लागते. खरी गळती यादीत असते: विस्थापितांच्या छावणीचा मुकादम नावं घुसवतो, वाटा कापतो. यादी चारचौघांत वाचणं आणि त्रयस्थाने लाभार्थ्याला थेट फोन करून रक्कम विचारणं, हे दोन उपाय त्यातल्या त्यात बरे.